मागे घेतलेली तारीख

"मॅडम, मास्तरांचा फोन नंबर पुन्हा जुनाच आलाय बघा."

सकाळचे नऊ चाळीस. फोनवर मल्लेशी होता. धारवाडच्या विजया डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये तो पंचवीस वर्षं कंपाउंडर आहे. रिसेप्शन, औषधं, ईसीजी, फाइली, सगळं तोच बघतो. आमच्या ॲपबद्दल तक्रार करायची असली की तोच फोन करतो, आणि तक्रार नेहमी असलीच चिल्लर असते.

"मल्लेशी, स्क्रीन रिफ्रेश करून बघितलंत?"

"केलं की. चार वेळा केलं. मी नंबर बदलतो, दुपारी बघतो तर जुना. हे तिसऱ्यांदा झालं."

तिसऱ्यांदा हे खरं होतं. पहिल्या दोन्ही वेळा तक्रार माझ्याकडेच आली होती. दोन्ही वेळा मी तिच्यापुढे 'युजर एरर' असं लिहून ती बंद केली होती. आमच्या धंद्यात याचा सरळ अर्थ, माणूस चुकला, ॲप नाही. साठीला आलेला कंपाउंडर सेव्हचं बटण दाबायला विसरत असणार, असं मी गृहीत धरलं होतं. मी पुण्यात नऊ वर्षं नोकरी करून हुबळीला परत आलेली, कंपनीतली सगळ्यात सीनिअर डेव्हलपर. माझी तोऱ्याची दोनचार ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

आमची कंपनी हुबळीतल्या उणकलला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. पाच माणसं. मालक प्रकाशअण्णा. क्लिनिकसाठी आम्ही जे ॲप केलं होतं ते सोपं होतं. डॉक्टर क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर पेशंटचा डोस लिहितात. घरोघरी जाऊन इंजेक्शन देणाऱ्या नर्सच्या मोबाईलवर तो दिसतो. पूर्वी डोस बदलला की डॉक्टर नर्सला फोन करायच्या. ॲप आल्यावर ते फोन बंद झाले. आम्ही विकलंच ते सांगून. "डॉक्टर, आता फोनाफोनी नको," हे वाक्य डेमोच्या दिवशी मीच म्हटलं होतं.

हे ॲप एकाच कोडमधून विंडोजवरही चालतं आणि अँड्रॉइडवरही. हे कसं जमतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी लिहिलेला कोड आणि खालचं मशीन यांच्यामध्ये एक रनटाइम असतो. हा दुभाषी. माझा कोड एकाच भाषेत बोलतो. दुभाषी विंडोजशी विंडोजच्या भाषेत बोलतो, मोबाईलशी मोबाईलच्या. माझी आई दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलता बोलता मागे वळून बाबांना मराठीत भाव विचारते, तसंच. आमच्याकडे यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. मलाही रनटाइमचं कधी काही वाटलं नव्हतं. कोडने विचारायचं, "आत्ता किती वाजले?" दुभाषी खालच्या मशीनला विचारतो आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं आणून देतो.

दुसरी गोष्ट, ॲप इंटरनेट नसतानाही चालतं. प्रत्येक मशीन आपली नोंद आपल्याजवळ ठेवतं आणि नेट आलं की सर्व्हरला पाठवतं. एकाच पेशंटच्या दोन वेगवेगळ्या नोंदी आल्या तर सर्व्हर काय करतो? ज्या नोंदीवर नंतरची वेळ आहे ती ठेवतो, आधीची टाकून देतो. जगभर असंच करतात. नियम मी लिहिला होता आणि तो लिहायला मला दहा मिनिटं लागली होती.

टाकून दिलेल्या नोंदींची एक यादी सर्व्हरवर असते. चार महिन्यांत ती मी एकदाही उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली.

मास्तरांचा नवा नंबर तिथे होता. तीनदा. मल्लेशीने तीनही वेळा बरोबर सेव्ह केला होता आणि सर्व्हरने तीनही वेळा तो फेकून दिला होता. नोंदींवरची तारीख बघितली तर ती दोन वर्षांपूर्वीची. ॲपचं वयच चार महिने. दोन वर्षांपूर्वी ही नोंद करायला कॉम्प्युटरवर ॲप होतं कुठे?

मी मल्लेशीला परत फोन लावला.

"मल्लेशी, तुमच्या कॉम्प्युटरवर आत्ता तारीख काय आहे?"

"आजचीच. आत्ता बरोबर आहे की."

"आत्ता म्हणजे?"

"सकाळी मागं असते."

"मागं म्हणजे? कोण करतं मागं?"

"मीच करतो. ईसीजीचा प्रोग्रॅम आहे ना, त्याची मुदत संपली. ती कंपनी बंद पडली, मुदत वाढवून द्यायला कुणी नाही. म्हणून सकाळी आलो की तारीख दोन वर्षं मागं घेतो, प्रोग्रॅम उघडतो, सगळ्यांचे ईसीजी काढतो, नऊ वाजून गेले की तारीख पुढं करतो. एवढं काय त्यात?"

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? कागद मिळतोय की त्यांना." मग म्हणाला, "तारीख मागं असली की तुमच्या ॲपला लाल ठिपका येतो. पुढं केली की हिरवा होतो. म्हणून मी म्हटलं, चालतंय."

लाल ठिपका म्हणजे सर्व्हरशी कनेक्शन नाही. कॉम्प्युटरची तारीख फार चुकीची असली की सुरक्षित कनेक्शन जुळतच नाही, हे मला माहीत होतं. तारीख बरोबर केली की कनेक्शन यायचं, सकाळपासून साठलेल्या नोंदी वर जायच्या आणि ठिपका हिरवा व्हायचा. वर गेल्यावर त्या सगळ्या केराच्या टोपलीत जायच्या. हिरवा ठिपका इतकंच सांगत होता की नोंद पोचली. ती स्वीकारली का, हे तो सांगत नव्हता. सांगायला मी त्याला शिकवलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि यादी खालपर्यंत बघायला घेतली. अकरा नोंदी होत्या. पत्ते, नंबर, व्हिटॅमिनची एक गोळी. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळची, लॉगिन डॉक्टरांचं. हणमंतराव मास्तर. केलगेरी. इन्सुलिन, सकाळचा डोस. चौतीसऐवजी सोळा युनिट.

मल्लेशी ज्यांच्या नंबरासाठी तीनदा फोन करत होता, तेच हे मास्तर.

रिमार्कमध्ये डॉक्टरांनी कारणही लिहिलं होतं. किडनीचा रिपोर्ट खराब आला होता, आदल्या आठवड्यात दोनदा साखर उतरली होती. मला डॉक्टरकी कळत नाही. पण किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, आणि साखर फार उतरली की म्हातारं माणूस बेशुद्ध पडतं, एवढं ॲप करताना मला शिकवलं होतं.

सर्व्हरवर डोस दिसत होता चौतीस. मी नर्सच्या व्हिजिटची यादी उघडली. शोभक्का, सकाळची फेरी. मास्तरांचं घर सव्वादहा. मास्तर जुन्या वळणाचे, पूजा आटोपून साडेदहाला एकदम जेवायलाच बसतात. त्याआधी इंजेक्शन.

घड्याळात दहा वाजून तीन मिनिटं झाली होती.

  खरं सांगायचं तर पहिली भीती मास्तरांसाठी नव्हती. पहिली भीती माझ्यासाठी होती. दोन तक्रारी, दोन 'युजर एरर', खाली माझं नाव.

मी सर्व्हरवर थेट जाऊन चौतीसचे सोळा केले. सेव्ह केलं. आणि शोभक्काच्या मोबाईलच्या नावापुढच्या ठिपक्याकडे बघत बसले. तिच्या मोबाईलने नवी नोंद उचलली असती तर काहीच झालं नसतं. कुणाला काही सांगावं लागलं नसतं. दुपारी शांतपणे नियम बदलला असता, एक अपडेट दिला असता, विषय संपला असता.

ठिपका राखाडी होता. शेवटचा संपर्क नऊ बावन्न.

मी बघत राहिले. येईल, आत्ता येईल. मास्तरांचं घर तळ्याच्या बाजूच्या उतारावर आहे, तिथे शोभक्काच्या सिमला रेंज नसते, हे मला माहीत होतं. त्या घराचं उदाहरण देऊनच तर मी डेमोत सांगितलं होतं की रेंज नसली तरी आमचं ॲप अडत नाही. आता ते अडत नव्हतं. चौतीस दाखवत शोभक्काच्या पर्समध्ये व्यवस्थित चालू होतं.

"मेघा, चेहरा का असा झालाय?" प्रकाशअण्णा पाण्याची बाटली भरायला आले होते.

मी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं असेल.

"मग फोन केलास?"

"सर्व्हरवर दुरुस्त केलंय, अण्णा."

"अगं, त्या बाईच्या हातात सुई आहे. फोन केलास का?"

मी फोन उचलला. शोभक्काचा नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, दोन्ही भाषांत बाहेर. मग मास्तरांच्या घरी. रेकॉर्डवरचा नंबर जुनाच, बंद पडलेला. त्या उतारावर जुन्या सिमला रेंज नाही म्हणून त्यांनी नवं घेतलं होतं, तोच नंबर मल्लेशी चार महिने भरायचा प्रयत्न करत होता. मी टाकून दिलेल्या यादीतून तो उचलला आणि लावला.

चौथ्या रिंगला काकूंनी घेतला. मास्तरांच्या पत्नी.

"काकू, मी मेघा बोलतेय, हुबळीहून. डॉक्टरांच्या क्लिनिकचं जे मोबाईलचं ॲप आहे ना, ते आमचं. शोभक्का आल्यात का? इंजेक्शन देऊ नका म्हणावं."

"कोण?"

"मेघा. ॲपवाली. काकू, मास्तरांचं इन्सुलिन..."

"हे बघ बाई, आमच्या मुलीनं सांगून ठेवलंय. अनोळखी फोन आला, औषधाचं नाहीतर बँकेचं काही विचारलं, की बोलायचं नाही. ओटीपीबिटीपी काही मिळणार नाही इथं."

फोन कट झाला.

परत लावला. वाजत राहिला. परत. आता बिझी. काकूंनी मला ब्लॉक केलं होतं. यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, आणि मी तिचं कौतुक केलं असतं.

प्रकाशअण्णा म्हणाले, "ओळखीचा आवाज पाहिजे. मल्लेशी."

मल्लेशीला मी ओरडूनच सांगितलं असणार, कारण शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून उभे राहिले. मल्लेशी मात्र एकही प्रश्न न विचारता कामाला लागला. माझा फोन त्याने टेबलावर चालूच ठेवला आणि क्लिनिकच्या लँडलाइनवरून काकूंना लावला. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. आधी तो आतल्या खोलीकडे तोंड करून "डॉक्टर, लगूच बाहेर या, पटकन!" म्हणून ओरडला. मग रिंग. मग,

"अक्कारी, ना मल्लेशी. क्लिनिकनिंद. शोभक्कग फोन कोड्री." म्हणजे, मी मल्लेशी, क्लिनिकमधून बोलतोय, शोभक्काला फोन द्या.

काकूंनी दिला. मल्लेशीचा आवाज त्यांच्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचा.

"शोभक्का, सूजी हाकब्याड्री! सुई देऊ नका! चौतीस नाही, सोळा आहे!"

  समोरून काय उत्तर आलं ते त्याने मला सांगितलं नाही. ते त्याने डॉक्टरांना सांगितलं, आणि मी ऐकलं.

"दिलंय म्हणतात. आत्ताच. दोन मिनिटं झाली."

पुढचा तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. विजया डॉक्टरांनी आधी फोन हातात घेऊन शोभक्काला सांगितलं, मास्तरांना ताबडतोब जेवायला बसव, आधी साखरपाणी दे, दर पंधरा मिनिटांनी तपास. मग स्वतः गाडी काढून केलगेरीला गेल्या आणि मास्तरांना घेऊन क्लिनिकवर आल्या. क्लिनिकला दोन कॉट आहेत, त्यातल्या खिडकीजवळच्या कॉटवर त्यांना झोपवलं, हाताला सलाइन लावलं.

मी धारवाडला जायला स्कूटर काढली. प्रकाशअण्णा म्हणाले, "मी येतो, तू चालवू नकोस." मी ऐकलं नाही. वाटेतल्या नवनगरपर्यंत काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. डोक्यात एकच हिशेब चालला होता, चौतीस वजा सोळा अठरा. अठरा युनिट. तेवढं माझ्या बाजूचं.

क्लिनिकच्या बाकावर मी दुपारी बारापासून बसले. काकू समोरच्या बाकावर. मी कोण ते त्यांना आता कळलं होतं.

"तू खरंच ॲपवाली होतीस?" एवढंच म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला. "मी फोन ठेवायला नको होता गं."

 तुमची चूक नाही काकू, असं मी दोनदा म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं.

शोभक्का आत-बाहेर करत होती. दर वेळी बोटाला टोचून साखर बघायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. एकशे दहा. ब्याण्णव. अठ्ठ्याहत्तर. मी आयुष्यात कितीतरी आकडे उतरताना बघितलेत, बॅटरीचे, मार्कांचे. पण असे कधी ऐकले नव्हते. एकदा ती म्हणाली, "चोपन्न," आणि त्यानंतर आतून मास्तरांचं काहीतरी असंबद्ध बोलणं ऐकू आलं. वर्गात कुणाला तरी बाकावर उभं राहायला सांगत होते. काकू उठल्या, परत बसल्या. आत डॉक्टर जोरात म्हणाल्या, "डेक्स्ट्रोज दे, पटकन." मल्लेशी कपाटाकडे धावला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, देवा, हा माणूस वाचू दे, मी परत कॉम्प्युटरला हात लावणार नाही. असली वचनं माणूस त्या वेळी मनापासून देतो.

बासष्ट. एक्क्याऐंशी. एकशे सहा.

पाच वाजता मास्तर उठून बसले आणि चहा मागितला. बिनसाखरेचा मागितला. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "आजच्या दिवस साखरेचा प्या, मास्तर." मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचं हसू दारातच राहिलं होतं.

"काय झालं ते मला समजेल असं सांग."

मी सांगितलं. ईसीजी, मागची तारीख, टाकून दिलेल्या नोंदी, दोन बंद केलेल्या तक्रारी. मल्लेशी तिथेच उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"मल्लेशीचा दोष नाही," मी म्हटलं. "त्यांनी तीनदा सांगितलं होतं."

उघड्या दारातून मास्तर सगळं ऐकत होते. गणित शिकवण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. त्यांनी मला आत बोलावलं.

"म्हणजे मुली, वेळ तू त्याच्या घड्याळाला विचारलीस?"

"हो, मास्तर."

"आणि ते घड्याळ बरोबर आहे की नाही, ते कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

"हं," म्हणाले. "पायरी गाळलीस." आणि चहा पिऊ लागले.

पायरी मी दुसऱ्याच दिवशी घातली. आता कुठल्याही नोंदीची वेळ मशीन सांगत नाही. नोंद सर्व्हरवर पोचली की वेळ सर्व्हर घालतो. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर सर्व्हर आपल्या मनाने एक फेकत नाही, डॉक्टरांना विचारतो. हिरवा ठिपका आता नोंद स्वीकारल्यावरच येतो. कॉम्प्युटरची तारीख चुकीची असली तर डोसचं पान उघडतच नाही, लाल पट्टी येते. मल्लेशी अजूनही रोज सकाळी तारीख मागे घेतो, कारण ईसीजीच्या प्रोग्रॅमला अजून कुणी वाली नाही. लाल पट्टी आली की मला फोन करून कुरकुर करतो. मी प्रत्येक फोन घेते. आणि डोस बदलला की विजया डॉक्टर पुन्हा शोभक्काला स्वतः फोन करतात, ॲप असो नसो.

या प्रकाराचा रिपोर्ट मी सहा पानांचा लिहिला. त्यात मल्लेशीची तारीख आहे, माझा दहा मिनिटांत लिहिलेला नियम आहे, 'युजर एरर' आहे, काकूंनी कट केलेला फोनसुद्धा आहे. प्रकाशअण्णांनी तो वाचला, चांगला आहे म्हणाले. 

एक गोष्ट त्यात नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये माझ्या नावाने एक ओळ आहे, चौतीसचे सोळा केल्याची. वेळ दहा वाजून पाच मिनिटं. माझ्या मोबाईलमध्ये शोभक्काला केलेल्या पहिल्या फोनची नोंद आहे. वेळ दहा वाजून नऊ मिनिटं. मधली चार मिनिटं मी एका राखाडी ठिपक्याकडे बघत होते. शोभक्काने सुई दिली ती दहा चौदाला, आणि मल्लेशीचा फोन लागला दहा सोळाला.

आमच्या कंपनीत नव्या माणसाला एक कागद देतात, काही बिघडलं तर काय करायचं त्याचा. त्यातली पहिली ओळ मी लिहिली आहे. आधी माणसाला फोन, मग दुरुस्ती. नवी पोरं विचारतात, दुरुस्ती दोन मिनिटांत होत असेल तरी? मी म्हणते, तरी.

दहा पाच आणि दहा नऊ, ही दोन्ही घड्याळं मी नंतर तपासून बघितली. दोन्ही अगदी बरोबर होती.